दात पडून येऊ देत म्हणत मी सात वर्षं घालवली



मागच्या अष्टमीला अभिषेक आटोपून आम्ही चार-पाच जणी मंदिराच्या पायरीवर बसलो होतो. आमच्याच गल्लीतल्या एक काकू नातीला घेऊन आल्या होत्या. नात साडेसहा वर्षांची, बडबडी. ती हसली की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, हे माझ्या लगेच लक्षात आलं, कारण माझ्या घरात असे दोन आहेत. काकूंनीच विषय काढला. म्हणाल्या, "हिचं पण तुझ्या लेकीसारखंच आहे गं. पण आत्ता काय घाई? सगळे दुधाचे दात पडू देत. लग्नाच्या आधी तार लावू."

मी तिथं फारसं बोलले नाही. चारचौघींत कुणाच्या नातीच्या तोंडाची चर्चा कशाला. पण घरी आल्यावर कणीक मळताना तेच डोक्यात घोळत राहिलं. काकू जे बोलल्या ते शब्दाला शब्द मी बोलले होते, आणि त्याची किंमत माझा थोरला मुलगा मोजतोय. म्हणून हे लिहायला बसले.

थोरला आता बारावीत आहे. तो सातवीतला नव्हे, सात वर्षांचा होता तेव्हा त्याचे खालचे पटाशीचे दात आले आणि वरच्यांच्या पुढे बसले. आमच्या नेहमीच्या दंतवैद्यांना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, बारा-तेरा वर्षांचा होऊ दे, सगळे पक्के दात आले की तार लावू. मला हायसं वाटलं. खर्च पुढं गेला, धावपळ पुढं गेली. सासूबाई म्हणाल्या, "ह्याच्या आजोबांची हनुवटी अशीच होती, काही अडलं नाही त्यांचं." लहानपणी तेल लावताना त्या त्याची हनुवटी मागं दाबायच्या. त्यानं काही झालं नाही.

आणि खरं सांगते, तो मुलगा होता. मुलाच्या हनुवटीकडे कोण बघतंय? मिसरूड फुटली की झाकून जाईल, असंही कुणीतरी म्हणालं होतं.

धाकटी आठ वर्षांची झाली आणि तिचंही तसंच दिसायला लागलं, तेव्हा मात्र आम्ही सगळे जागे झालो. का, ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. ती मुलगी आहे म्हणून. तिचा बायोडाटा, तिचा फोटो, 'बाजूनं काढू नका, समोरून काढा' म्हणणारा फोटोग्राफर, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. माझे स्वतःचे दात ठीक आहेत, पण माझ्या आतेबहिणीला बघायला आलेल्या माणसांनी तिला काय काय ऐकवलं होतं ते मला माहीत आहे. तर ज्या कारणासाठी मी लेकीला तपासायला नेलं ते कारणच चुकीचं होतं. नेलं हे बरं झालं, एवढंच.

ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात आणि जबडे जागेवर आणणारे डॉक्टर, त्यांच्याकडे गेलो. थोरला तेव्हा चौदाचा होता. नववीची सुट्टी, म्हणून सोबत आला होता, कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसला होता. धाकटीला तपासता तपासता त्या डॉक्टर बाईंची नजर त्याच्याकडे गेली. त्यांनी विचारलं, "याला कधी दाखवलंय का?"

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

खालचे दात पुढे दिसले म्हणजे खालचा जबडा मोठा, असं आपण धरून चालतो. पुष्कळ मुलांत खरी गोष्ट उलटी असते. वरचा जबडा अरुंद असतो आणि मागे राहिलेला असतो. कधी दोन्ही थोडं थोडं असतं. कधी तर जबडे ठीक असतात, पण दोन दात एकमेकांवर आदळतात आणि ते टाळायला मूल जबडा पुढे सरकवून तोंड मिटतं, तीच सवय होऊन बसते. यातलं कुठलं आहे हे आपल्याला आरशात बघून कळत नाही. त्यासाठी तपासणी, बाजूनं काढलेला एक्स-रे आणि दातांचा साचा लागतो. घराण्यात असणं हे मोठं कारण आहेच. आमच्याकडे आजोबांची हनुवटी होतीच की.

आता महत्त्वाचं. आपली टाळू हे एक अखंड हाड नसतं. मधोमध एक शिवण असते, पुढून मागे जाणारी. लहानपणी ती शिवण कच्ची असते. तेव्हा दोन्ही बाजूंना हळूहळू ताण दिला तर ती उघडते, मधल्या फटीत नवं हाड भरतं आणि वरचा जबडा खरोखर रुंद होतो. फक्त दात वाकत नाहीत, हाडच रुंद होतं. वय वाढेल तशी ती शिवण एकमेकांत गुंतत जाते, पुढं पक्की होते. मग साधं यंत्र पुरत नाही, हाडात बारीक स्क्रू बसवावे लागतात किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. कुणाची शिवण कधी पक्की होईल ते ठरलेलं नसतं. पण वरचा जबडा रुंद करून पुढे ओढायचा असेल, तर साधारण आठ-दहा वर्षांच्या आतलं वय सगळ्यात चांगलं. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते की प्रत्येक मुलाची पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी. सातव्या! मी सातव्या वर्षी नेलं होतं आणि परत आणलं होतं.

ही पद्धत काही काल-परवाची नाही. १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अँजेल नावाच्या दंतवैद्यानं चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत स्क्रू बसवून दोन आठवड्यांत जबडा रुंद केल्याचं छापून आणलं. तेव्हा लोकांनी त्याच्यावर विश्वासच ठेवला नाही. शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, हास नावाच्या डॉक्टरांनी ती पुन्हा पुढं आणली आणि तेव्हापासून ती सगळीकडे चालू आहे. मला हे सांगण्याचं कारण एवढंच, की 'नवीन काहीतरी खूळ आहे' हे वाक्य आमच्या घरात निदान वीस वेळा ऐकू आलं.

धाकटीच्या वरच्या दाढांवर सिमेंटनं ते यंत्र चिकटवलं. एक्स्पान्डर म्हणतात. मधोमध छोटा स्क्रू, त्याला भोकं. एका बारक्या किल्लीनं तो रोज फिरवायचा. किल्ली पुढच्या भोकात घालायची आणि घशाच्या दिशेनं मागं ढकलायची, पुढचं भोक दिसेपर्यंत. एक फेरा म्हणजे पाव मिलीमीटर. आम्हाला सकाळ-संध्याकाळ एकेक फेरा सांगितला होता, चौदा दिवस. अठ्ठावीस फेरे, सात मिलीमीटर.

हे काम आईनं करायचं असतं. आणि माझा हात थरथरायला लागला. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून अंगण बघून चालणारी मी, माझ्याच लेकीच्या टाळूचं हाड फाकवायचं? पहिल्या दिवशी तिनं डोळे घट्ट मिटले आणि मी किल्ली भोकातून बाहेर काढून तशीच उभी राहिले. तेव्हा थोरला आला. म्हणाला, "आई, दे इकडं. तू बॅटरी धर." आणि त्यानं फिरवली. चौदाही दिवस त्यानंच फिरवली. किल्ली चुकून घशात जाऊ नये म्हणून तिला लांब दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळायचा, हेही त्यालाच सुचलं. ज्याच्या वेळी मी थांबले तो बहिणीची टाळू उघडत होता. त्यावर मी आजही त्याच्याशी नीट बोललेले नाही.

दुखतं का? ती म्हणायची, दुखत नाही, नाकाच्या वरच्या टोकाशी दाबल्यासारखं होतं. चार-पाच मिनिटांनी ओसरायचं. पहिले काही दिवस लाळ गळायची. बोलणं बोबडं झालं. जीभ टाळूला टेकतच नव्हती, मध्ये यंत्र. त्यामुळे ट, ड, ण हे सगळे शब्द पसरट. सकाळी णमोकार म्हणताना तिचा ण काही केल्या उमटेना आणि तिला रडू यायचं. सासूबाई आतापर्यंत या सगळ्याच्या विरोधात होत्या, पण त्या वेळी तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "मनात म्हण बाळ, मनातला ण बरोबर येतो." आठवड्याभरात जीभ शिकली.

सहाव्या दिवशी वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये फट पडली. मैत्रिणींनो, हे आधीच सांगून ठेवते, कारण कुणी सांगितलं नाही तर छातीत धस्स होतं. ती फट पडणं हीच शिवण उघडल्याची खूण असते. काही आठवड्यांत ते दात आपले आपण जवळ येऊ लागतात. शेजारणी मात्र विचारत होत्या, "अगंबाई, आधीपेक्षा वाईट झालं की!"

रुंदीनं काम संपत नाही. वरचा जबडा मागे राहिलेला असेल तर त्याला पुढे आणावं लागतं. त्यासाठी फेसमास्क. कपाळाला एक गादी, हनुवटीला एक गादी, मध्ये दांडी, आणि एक्स्पान्डरच्या आकड्यांना अडकवलेले रबरबँड. दिवसातले बारा-चौदा तास घालायचा, महिनोनमहिने. डॉक्टर बाई म्हणाल्या, बहुतेक मुलं इथंच कंटाळतात. रात्री जेवायला उशीर, मग टीव्ही, मग अकराला मास्क, सकाळी सहाला काढला, झाले सातच तास.

इथं आपल्या घराची शिस्त कामाला आली. आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवण. मुलांना रात्री पाण्याची सूट आहे, अन्नाची नाही. साडेपाच-सहाला धाकटीचं जेवण, मग ब्रश, मग गाळलेल्या कोमट पाण्यानं सिरिंज मारून यंत्रात अडकलेलं शीत न् शीत काढायचं, आणि सातला मास्क. सकाळी सातला काढायचा. बारा तास झाले! डॉक्टर बाईंना मी हे सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, सगळ्या पेशंटना तुमच्याकडे पाठवते. ज्या घरात 'मुलांना कसला रात्रिभोजन त्याग' म्हणून वाद आहे, त्यांनी हाही फायदा मोजावा.

खाण्याचा कागद त्यांनी छापील दिला होता. मऊ पदार्थ: कुस्करलेला बटाटा, अंडं, सूप. मी तो घडी करून ठेवून दिला. कच्चं केळं उकडून कुस्करलं तर बटाट्याची आठवण येत नाही. मुगाची खिचडी, शिरा, ताकभात, दुधात भिजवलेली भाकरी. शेंगदाण्याची चिक्की, ऊस आणि कडक भडंग बंद. दशलक्षणात तिला एकासन करायचं होतं, तिच्या वर्गातली एक मैत्रीण करत होती. मी एका दिवसाचं करू दिलं. त्या एका वेळच्या जेवणात सगळं मऊ असल्यानं तिला तास लागला आणि तिनं एकदाही कुरकुर केली नाही.

भाकरीवरून एक आठवलं. आपण घास हातानं तोडतो. भाकरी, पोळी, सगळं. त्यामुळे पुढचे दात जुळत नाहीत हे आईला वर्षानुवर्षं कळतच नाही. मुलाला एक कणीस द्या, नाहीतर अख्खं सफरचंद. ते पुढच्या दातांनी चावतं की मान वाकडी करून सुळ्यांनी ओरबाडतं ते बघा. थोरला लहानपणापासून कणीस सोलून, दाणे काढून मागायचा. मी त्याला लाडावलेला म्हणायचे.

आता सासूबाईंचा मुद्दा. तो फक्त त्यांचा नाही, तुमच्यापैकी अनेकींच्या घरात निघेल. त्या म्हणत, शरीर हे नामकर्मानं मिळालेलं आहे, त्याला वाकवायचं कशाला? देह पुद्गल, त्याच्या शोभेपायी एवढा खर्च? मी त्यांच्याशी वाद घातला नाही, एवढंच विचारलं, "आई, ताप असातावेदनीय कर्मानं येतो, मग आपण काढा का देतो?" औषधदान चार दानांतलं एक आहे. गुडघ्याचं ऑपरेशन केलेल्या बाईला कुणी देहाचा मोह म्हणत नाही. उलट्या बसलेल्या दातांनी खालच्या दातांच्या हिरड्या खाली सरकतात, दातांच्या कडा घासून झिजतात, चावता येत नाही, काही मुलांना स आणि फ नीट म्हणता येत नाही. हे शोभेचं नाही. शोभेसाठीच करायचं असतं, तर ते अठराव्या वर्षी करूनही चाललं असतं. खाण्या-बोलण्यासाठी करायचं म्हणूनच ते आठव्या वर्षी करायचं.

पण म्हणून मी असंही म्हणणार नाही की प्रत्येक वाकड्या दाताला यंत्र बसवा. तपासणी सातव्या वर्षी आणि उपचार सातव्या वर्षी, या दोन वेगळ्या गोष्टी. पुष्कळ मुलांना डॉक्टर बघून सांगतात, वर्षानं या. दुसरं मतही जरूर घ्या. खर्च थोडा नाही, आम्ही हप्त्यांनी फेडला. ज्यांना जड जाईल त्यांनी दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय आहेत, आपल्या सांगली-कोल्हापूरकडे खासगी आहेत. तिथं शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि बाहेरच्यापेक्षा पैसे कमी पडतात. वेळ मात्र जास्त मोडतो.

आणि हमी कुणी देत नाही. धाकटीचे वरचे दात दहा महिन्यांत खालच्यांच्या पुढे आले, यंत्र निघालं. आता ती अकराची आहे. वयात येताना खालचा जबडा झपाट्यानं वाढतो आणि कधी कधी सगळं पुन्हा मागच्या वळणावर जातं. म्हणून सहा महिन्यांनी दाखवायचं, वाढ थांबेपर्यंत. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि सांगितलं म्हणूनच मी त्या डॉक्टर बाईंवर विश्वास ठेवला.

थोरल्याबद्दल त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते असं. वरचा जबडा ओढून पुढे आणण्याचं वय गेलं. आता वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायचं, मग तार लावून दात सरळ करायचे आणि जबड्याची शस्त्रक्रिया करायची. किंवा काहीच न करता आहे तसं राहायचं. मी विचारलं, सातव्या वर्षी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "खात्रीनं नाही सांगता येणार. प्रयत्न करता आला असता."

त्या प्रयत्नाचाच मला सल आहे. त्याला नाही, निदान तसं दाखवत नाही. शस्त्रक्रिया करायची की नाही ते तो अठरा पूर्ण झाल्यावर ठरवेल म्हणतो. सासूबाई म्हणतात, आजोबांचं काही अडलं नव्हतं. आमचे हे गप्प बसतात. मी त्याला कुठलंच मत देत नाही, कारण त्याच्या वेळी माझं मत चुकलं होतं.

काकूंना काल फोन केला. नातीला घेऊन या म्हटलं, लग्नाचं नाव न काढता. त्या आधी रागावल्या, मग तारीख विचारली. आमच्या धाकटीची पुढची तपासणी मार्गशीर्षात आहे. थोरल्याची पूर्वपरीक्षा जवळ आली असेल, पण त्यालाही नेणार आहे, आणि या वेळी त्याला कोपऱ्यात बसवणार नाही.